विमानाचं भाडं धरून की सोडून?

जामसांवलीला शनिवारी हनुमानाच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की मागचा माणूस पुढच्याशी बोलतोच. परवा माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईनं खांद्याला हात लावून विचारलं, "तुम्ही सौंसरच्या तिकीटवाल्या ताई ना जी?" मी हो म्हटलं. देवाच्या दारात दुसरं काय म्हणणार? मग तिनं सांगितलं की तिचा मुलगा आणि सून क्रूझला जायचं म्हणत आहेत आणि त्यावरून घरात वाद पेटला आहे. मुलगा म्हणतो विमानाचं भाडं क्रूझच्या पैशातच धरून घेऊ. सून म्हणते विमान आपलं आपण वेगळं काढू. "तुमचा तर जन्म गेला याच्यात," बाई म्हणाली, "काय बरं असते, सांगा ना."

रांग पुढे सरकत होती. शेवटी मी म्हटलं, "दोन्ही बरं असते." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पत्ता चुकीचा सांगणाऱ्याकडे पाहतो.

पण मी खोटं बोलले नव्हते. बस स्टँडसमोर दुकान थाटून बसले तेव्हा मी नागपूर आणि छिंदवाड्याच्या खाजगी बसच्या सीटा विकत होते. पुढे रेल्वेची तिकिटं आली, यात्रा कंपन्यांच्या सहली आल्या, विमान आलं. संत्र्याला दोन वर्षं चांगला भाव लागला की आमच्या भागातली माणसं एकदम लांबचं बोलायला लागतात, तशी क्रूझही आली. ज्या गावातून समुद्र कुठल्याही दिशेला सारखाच दूर आहे, त्या गावात मी जहाजाची बुकिंग करते. गाव मध्य प्रदेशात, म्हणून पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत आणि जहाजाचे सगळे नियम इंग्रजीत. या सगळ्यात एवढ्या वर्षांत बऱ्याच गोष्टी मला कळल्या. हा एक प्रश्न मात्र जितका जुना होतो आहे तितका मला जास्त गोंधळात टाकतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी साधं सांगते. क्रूझ म्हणजे चालतं हॉटेल. राहणं, जेवण, करमणूक सगळं आत. ते सिंगापूरसारख्या बंदरातून निघतं, दोन-तीन गावांना टेकतं आणि परत तिथेच येतं. पण सिंगापूरपर्यंत आपल्याला विमानानं जावं लागतं. हे विमान दोन तऱ्हांनी घेता येतं. एक म्हणजे धरून. क्रूझच्या किमतीतच भाडं आलं, तिकीट कंपनी काढते. कोणतं विमान, कुठून, कधी, कुठे किती वेळ बसायचं, सगळं तिच्या मर्जीवर. त्याबदली एक सोय अशी की विमानानं दगा दिला तर डोकेदुखी कंपनीची. ती तुम्हाला पुढच्या बंदरावर नेऊन जहाजात बसवते. दुसरं म्हणजे सोडून. विमान तुमचं तुम्ही काढता. हवं ते घ्या, एक दिवस आधी पोचा, नंतर चार दिवस राहा, कोणी विचारत नाही. फक्त उशीर झाला तरीही कोणी विचारत नाही. जहाज काही छिंदवाड्याची बस नाही, की कंडक्टरला फोन केला आणि त्यानं नाक्यावर थांबवून ठेवली.

एवढं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग धरूनच घ्यावं. मीही एके काळी तसंच म्हणत होते. त्याला कारण झाले पांढुर्ण्याचे कापसाच्या जिनिंगवाले एक शेठ. त्यांच्या जावयानं मोबाईलवर शोधून विमान वेगळं काढलं आणि धरून घेण्यापेक्षा किती स्वस्त पडलं हे माझ्याच दुकानात बसून मला ऐकवलं. विमान उशिरा पोचलं. शेठ, शेठाणी, मुलगी आणि जावई टॅक्सीतून उतरले तेव्हा जहाज धक्का सोडून निघालेलं होतं, आणि वरच्या मजल्यावरची माणसं यांना हात हलवत होती. शेठाणीला वाटलं ओळखीचं कोणी असेल, म्हणून तिनंही हलवला. शेठ आठ दिवस सिंगापुरात हॉटेलात राहून परत आले आणि जावयाशी पुढची दिवाळी होईपर्यंत बोलले नाहीत.

त्यानंतर मी प्रत्येकाला धरूनच घ्यायला सांगत सुटले. मग आल्या लोधीखेड्याच्या दोघी बहिणी, दोघीही निवृत्त शिक्षिका. धरून घेतलं. कंपनीनं त्यांना नागपूरहून आधी दिल्लीला नेलं, तिथून दक्षिणेला, तिथून सिंगापूरला. मोठ्या बाई मला नंतर म्हणाल्या की भारताचा नकाशा त्यांनी फळ्यावर जन्मभर काढला, त्यावरून फिरायची हौस तेव्हा फिटली. तेही चाललं असतं. पण सिंगापुरात त्यांची भाची राहते. तिच्याकडे चार दिवस थांबायचं दोघींच्या मनात होतं आणि परतीचं तिकीट कंपनीनं जहाज लागल्या दिवशीचंच काढलेलं. बदलता येईना. भाचीला त्यांनी विमानतळाच्या काचेतून पाहिलं. धाकट्या बाई अजूनही बाजारात भेटल्या की मान वळवतात.

तर असा माझा तराजू. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली. अशा वेळी देविदास सोमकुवर माझ्या दुकानात आले.

सोमकुवरभाऊ आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. टाकीचा व्हॉल्व उघडायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून अख्खं सौंसर त्यांना ओळखायचं आणि नळ गेला की शिव्याही त्यांनाच घालायचं. निवृत्त झाले तरी चालण्यात ती घाई तशीच राहिली. त्यांची बायको पुष्पाबाई आमच्याच मोहल्ल्यात अंगणवाडीत होती. एकच मुलगा, प्रशिक. तो हॉटेलचं शिकला आणि क्रूझच्या जहाजावर नोकरीला लागला.

भाऊ आले ते एकटेच. बाकावर बसले, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले की एका माणसाला क्रूझला जायचं आहे. कोण माणूस ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुकानात बसून एक गोष्ट शिकले आहे, 'एका माणसाला' म्हणून विचारणारा माणूस नव्वद टक्के तोच असतो. मी माझं धरून-सोडून सांगितलं. ते नीट ऐकून घेत होते. मग त्यांनी जहाजाचं नाव सांगितलं. ते जहाज म्हणजे प्रशिक ज्याच्यावर होता तेच.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रशिकनं जहाजावर जायचं ठरवलं तेव्हा भाऊंनी त्याच्यासाठी नगरपालिकेत शब्द टाकून ठेवला होता. पोरानं नाही म्हटलं. पहिल्या वेळी जहाजावर त्याला भांडी धुण्याच्या खात्यात घेतलं, तिथे सगळ्यांची सुरुवात तशीच होते. ही गोष्ट त्यानं आईला सांगितली, आईनं बापाला. पुढे तो सुट्टीवर आला असताना मामाकडे जेवणाच्या पंगतीत, सगळ्या नात्यागोत्यासमोर, भाऊ बोलून गेले, "तुले शिकवलं ते जगाची उष्टी काढायले नाही शिकवलं." प्रशिक ताटावरून उठला नाही. जेवण पूर्ण केलं, स्वतःचं ताट स्वतः धुतलं आणि नागपूरची बस धरली. त्यानंतर तो सुट्टीत यायचा तो नागपूरला मित्राच्या खोलीवर. आई तिथे जाऊन भेटून यायची. सौंसरला त्यानं पाय ठेवला नाही. हे सगळं मला पुष्पाबाईनं सांगितलं होतं. भाऊंच्या तोंडून एक शब्द नाही.

दुसऱ्यांदा दोघं मिळून आले. छिंदवाड्याला जाऊन पासपोर्ट झाले, फोटो झाले. जहाजातली खोली मी दोघांच्या नावानं पक्की केली. विमानाचं तेवढं राहिलं. मी भाऊंना सांगितलं की पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसं तुम्ही, धरून घेतलं तर कोणीतरी जबाबदार राहील. लगेच मला त्या दोघी बहिणी आठवल्या, म्हणून मी हेही सांगितलं की एकदा धरलं की मग बदलता येत नाही. लगेच शेठ आठवले. भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही सांगून राहिल्या का विचारून राहिल्या?" मी त्यांना घरी विचार करून यायला सांगितलं.

चार-पाच दिवसांनी पुन्हा दोघं आले. पुष्पाबाईचा चेहरा उतरलेला. तिनं मोबाईल माझ्यापुढे ठेवला. प्रशिकनं जहाजावरूनच तिकीट काढून पाठवलं होतं. एक दिवस आधी पोचणारं, चांगल्या वेळेचं, मुंबईत फार न थांबवणारं, परतीचंही एक दिवस उशिराचं, म्हणजे आईला सिंगापूर पाहता यावं. मी असं नीटनेटकं तिकीट फार कमी पाहिलं आहे. फक्त ते एकाच माणसाचं होतं. पुष्पा देविदास सोमकुवर.

मी खाली सरकवून पाहिलं, दुसरं काही येतं का. काही नव्हतं.

भाऊ दाराकडे पाहत होते. रस्त्यावर संत्र्यांची गाडी मागे घ्यायचा प्रयत्न चालला होता आणि ते जणू तीच पाहायला आले होते. तिकडेच पाहत म्हणाले, "माह्यं धरून टाका."

मी म्हटलं की याच विमानात तुमचीही सीट मिळते का पाहू, नवरा-बायको एकत्र जाल. ते म्हणाले, "ज्यानं काढलं त्यानं हिशोबानंच काढलं असन. माह्यं कंपनीकडून धरा. कंपनीले मी नको नाही."

म्हणजे असं ठरलं की आयुष्यात कधी विमानात न बसलेले दोघं नवरा-बायको एकाच जहाजावर, एकाच खोलीत राहायला, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या विमानांनी जाणार. एक धरून, एक सोडून. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

भाऊ पाणी प्यायला बाहेर गेले तशी पुष्पाबाई टेबलावर वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्याले माहीतच नाही हे येऊन राहिले म्हणून. मी सांगितलं मावशी येते संगं. तिचं तिकीट तुम्ही काढून देता म्हटलं."

मी विचारलं, असं का केलं?

"बाप येतो म्हटलं असतं अन् त्यानं नको म्हटलं असतं तर? मंग मी यायले काय सांगतलं असतं?"

मी म्हटलं की मग भाऊंना तरी सांग. त्यांना वाटून राहिलं की पोरानं मुद्दाम वगळलं. ती म्हणाली की यांना सांगितलं तर हे येणारच नाहीत. म्हणतील, चोरून कायले जाऊ. तेवढ्यात भाऊ आत आले. पुष्पाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं. खरं सांगते, ती चूक होती की शहाणपणा हे मला तेव्हाही समजलं नाही. मी विमानाची तिकिटं विकते. घरातल्या माणसांचं कोणी कोणाला काय सांगावं, याची बुकिंग माझ्याकडे होत नाही.

निघायचा दिवस आला. भाऊ बायकोला नागपूरच्या विमानतळावर सोडून आले. अंगणवाडीच्या बाईला माणसांची भीती नसते, पुष्पाबाई विचारत विचारत बरोबर पोचली. सिंगापूरला प्रशिकचा एक मित्र तिला घ्यायला आला. तिनं मला तिथल्या रस्त्याचा फोटो पाठवला, त्यात झाडं जास्त आणि माणूस एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊ निघाले. नागपूरचं विमानच बिघडलं. सकाळभर त्यांना तिथेच बसवून ठेवलं. मुंबईला उतरले तोवर सिंगापूरचं विमान गेलेलं. दुपारी माझा फोन वाजला. मागे विमानतळाच्या घोषणा ऐकू येत होत्या आणि भाऊ अगदी शांत आवाजात म्हणाले, "ताई, मले वापसीचं तिकीट काढून द्या."

मी म्हटलं, थांबा, घाई करू नका. कंपनीला फोन लावला. तिकडून एक मुलगी बोलली. तिनं नाव-नंबर घेतला आणि म्हणाली की या प्रवाशाचं भाडं आपल्याकडे धरलेलं आहे, जहाज आज रात्री निघेल, पण आम्ही यांना मुंबईत हॉटेलात ठेवतो आणि विमानानं पेनांगला पाठवतो. पेनांग म्हणजे मलेशियातलं, जहाजाचं पहिलं थांबणं. तिथे उतरायचे कागदही तेच बघणार होते. शेठच्या वेळी हीच मुलगी असती तर शेठ आणि जावई अजून एका ताटात जेवले असते.

मी भाऊंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी आधी मागची घोषणा संपू दिली. मग म्हणाले, "नाही ताई. ज्यानं बोलावलंच नाही त्याच्या दारात किती वेळा जावं माणसानं? विमानच म्हणून राहिलं नको जाऊ. मी येतो घरी."

पुष्पाबाईचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. त्याला माहीत नाही भाऊ, त्याला माहीतच नाही. पण तिची ती नजर आठवली. आणि फोनवर, असं घोषणांच्या मधे, एवढी गोष्ट सांगावी तरी कशी? मी गोंधळले. आणि गोंधळले की मी नेहमी धंद्याचं बोलते. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं तिकीट परत फिरत नाही. ते धरलेलं आहे. तुम्ही म्हटलं तरी मला ते फिरवता येत नाही."

"फिरतच नाही?"

"नाही फिरत."

हे अगदी खरं होतं. सोडून घेतलेलं तिकीट असतं तर चहा थंड व्हायच्या आत मी त्यांना नागपूरच्या विमानात बसवलं असतं. आता मुंबईहून नागपूरचं नवीन तिकीट काढता आलं असतं, हेही तितकंच खरं. ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार, पाण्याच्या लाईनी जोडणारा माणूस, आडमार्ग त्यांना कळतात. पण तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. "फिरतच नाही म्हणता तर मंग काय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि मला वाटलं, त्यांना कोणीतरी असं सांगायलाच हवं होतं.

तिकडे सिंगापूरच्या धक्क्यावर पुष्पाबाई बॅग घेऊन एकटीच उभी. भाऊंचं विमान चुकलं हे मीच तिला कळवलं. ती एकटी जहाजात चढली. नंतर जहाज समुद्रात गेलं आणि तिचा फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोनही विमानात बसल्यावर बंद झाला. मी दुकानात बसून रेल्वेची तिकिटं काढत होते आणि तीन माणसं माझ्या हाताबाहेर कुठेतरी पाण्यावर आणि ढगात होती.

परत आले तेही वेगवेगळे, कारण परतीची तिकिटंही तशीच. आधी भाऊ आले. दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. चेहऱ्यावर ऊन लागलेलं. मी पाणी दिलं आणि विचारलं.

त्यांनी सांगितलं की पेनांगला विमानतळावर कंपनीचा माणूस पाटी घेऊन उभा होता, त्यानं गाडीनं धक्क्यावर आणलं. तिथे जहाजातून एक माणूस त्यांना घ्यायला उतरला. तो प्रशिक होता.

भाऊ म्हणाले, "कंपनीनंच पाठवलं त्याले. भाषा येणारा माणूस पाहिजे होता. मले इंग्रजी येत नाही ना."

मी विचारलं, मग काय बोलणं झालं?

"काय बोलणार? त्यानं माही बॅग घेतली. मी म्हटलं राहू दे, जड नाही. त्यानं वापस नाही दिली." मग म्हणाले, "आता बेकरीत हाय तो. पाव करते. सकाळी हजार माणसं खातात." हजार शब्दावर त्यांचा आवाज जरा उंच गेला आणि मग त्यांनी जहाजाच्या पाण्याच्या टाक्यांविषयी बोलायला सुरुवात केली. समुद्राचं पाणी गोड कसं करतात, दाब किती ठेवतात, व्हॉल्व कसले. प्रशिकनं कोणाला तरी सांगून त्यांना खालचा तो विभाग दाखवला होता. तासभर ते तेवढंच सांगत होते. पोराचं आणखी काही नाही.

एका दिवसानं पुष्पाबाई आली. तिची गोष्ट निराळी. तिनं सांगितलं की जहाजात चढल्या संध्याकाळी प्रशिक तिला भेटायला आला आणि त्यानं विचारलं, मावशी कुठे? तेव्हा तिला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मावशी नाही, बाप होता. त्याचं विमान चुकलं. अन् त्याले वाटून राहिलं तू त्याचं तिकीट मुद्दाम नाही काढलं. प्रशिक तसाच खाली निघून गेला. रात्रपाळी होती त्याची. सकाळी तो आपल्या साहेबाच्या दारासमोर जाऊन उभा राहिला, दुसऱ्या पोराशी पाळी बदलून घेतली आणि धक्क्यावर जायची परवानगी काढली. "कंपनीनं कायचं पाठवलं, ताई," ती म्हणाली, "परवानगी मागून गेला तो."

मला हे पटतं. त्या जहाजावर हिंदी येणारी पोरं ढिगानं असतात, आणि भाऊंना हिंदी आपल्या मराठीइतकीच येते. भाषेसाठी बेकरीतला माणूस कोण पाठवतं? पण भाऊ अजूनही कंपनीनं पाठवलं असंच सांगतात. त्यांना खरंच तसं वाटतं, की सगळं माहीत असून तसं म्हणतात, हे मला कळलेलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

पुष्पाबाई वरच्या मजल्यावरून कठड्याला टेकून पाहत होती. तिला दोघं खाली धक्क्यावर दिसत होते, उन्हात. बॅग प्रशिकच्या हातात. ते लगेच वर आले नाहीत. खूप वेळ तिथेच उभे राहिले. कोण काय बोललं ते एवढ्या उंचीवर कसं ऐकू येणार? "मले एकच दिसलं," ती म्हणाली. "यायनं पोराच्या बाहीवरचं पीठ झटकलं. मंग चढले."

"नंतर विचारलं नाही का दोघांना?"

"विचारलं ना. दोघंही म्हणतात, काही नाही बोललो."

आता मला सांगा, या प्रकरणातून मी गिऱ्हाईकाला काय सल्ला द्यावा? भाऊंनीही सोडून घेतलं असतं तर ते बायकोसोबत आदल्या दिवशी नीट पोचले असते, कोणतंच विमान चुकलं नसतं. मग जहाजात गर्दीत, दोन हजार माणसांत, कामाच्या कपड्यातला पोरगा आणि बाप समोरासमोर आले असते. पोराला आधी कळलेलं नाही, बापाच्या मनात राग. काय झालं असतं? कदाचित चांगलंच झालं असतं. कदाचित दोघांनी मान वळवली असती. आणि एकट्यानं जाताना सोडून घेतलेलं विमान चुकलं असतं तर भाऊ संध्याकाळपर्यंत सौंसरला परतले असते, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते. म्हणजे ज्या नियमाला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, तिकीट फिरत नाही म्हणून ज्याच्यापायी दोघी बहिणींचा रोष ओढवून घेतला, त्याच नियमानं एका माणसाला पुढे ढकललं. पण नियमानं ढकललं की पुष्पाबाईच्या खोट्यानं, की नागपूरच्या बिघडलेल्या विमानानं? मी रात्री अंथरुणावर याची जुळणी करायला बसले की झोप लागते, उत्तर लागत नाही.

मध्ये काही महिने गेले. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी झाली होती, बस स्टँडवर पेट्यांचे ढीग होते. एका सकाळी मी दुकान उघडून गल्ल्यासमोर उदबत्ती लावत होते तोच सोमकुवरभाऊ आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. म्हणाले, "ताई, दोन सीटा द्या. नागपूरहून सौंसर. एक जाण्याचीही द्या."

मी सांगितलं की भाऊ, त्या बसची तिकिटं आता बसमध्येच मिळतात, कंडक्टर देतो, माझ्याकडे कधीच बंद झाली.

"माहीत हाय," ते म्हणाले आणि बाकावर बसले.

मग त्यांनी सांगितलं. प्रशिकचा करार संपला होता आणि तो त्याच दिवशी मुंबईच्या विमानानं घरी येत होता. नागपूरला मित्राकडे नाही, घरी. जहाजावरच्या माणसाला करार संपला की घराजवळच्या विमानतळापर्यंत कंपनीच आणून सोडते, ते भाडं पगाराच्या बोलीतच धरलेलं असतं. हे मला माहीत होतं. पण भाऊ ते मला नव्यानं समजावून सांगत होते, नीट, एकेक पायरीनं, जसं मी इतकी वर्षं लोकांना समजावत आले.

"नागपूरपर्यंतच धरलं हाय त्यायनं," ते म्हणाले. "तिथून घरापर्यंतचं कोणी धरलेलं नाही. ते मी करतो."

द्यायला तिकीट नव्हतं आणि माणूस तिकीट मागायला आलेला. शेवटी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यासोबत रस्ता ओलांडून बसपर्यंत गेले. कंडक्टर ओळखीचा होता. त्याला म्हटलं, यांना खिडकीजवळ बसव आणि येताना दोन सीटा सांभाळ. भाऊ चढले, खिडकीतून मला हात केला आणि लगेच समोर पाहू लागले, जसं बस सुटायला तेवढ्यानं मदत होईल.

बस वळणावर दिसेनाशी झाली. मी परत येऊन शटर वर केलं, खुर्चीवर बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुंबईहून येणारं ते विमान नागपूरला संध्याकाळी उतरतं. ही सकाळची पहिली बस होती.